हंगाम संपल्यावर

मार्चमध्ये बालस्टाडच्या धक्क्यावर
कॉडची धडं काठ्यांवर वाळत घातलेली,
यकृतं वेगळ्या पिंपात.
एइविंद सुरीकडे न बघता कापायचा:
एक चीर, अंगठा आत, काळीज बाहेर.
रोज सकाळी त्याच काळजाचं तेल, चमचाभर.
रोज रात्री बटाट्याची दारू,
तिला चमचा नव्हता.

गावात औषधांचं दुकान एकच, माझं.
आत काय चालतं ते मला ठाऊक होतं.
दारू रोज येऊ लागली की
यकृत माणसं वाढवतं,
हंगामात आम्ही वाढवतो तशी,
लिथुआनियाहून, बस भरभरून.
पुस्तकात त्यांना विकरं म्हणतात.
मी म्हणते, हात.
हात घाईत असतात, निवडत बसत नाहीत,
चमचाभर तेलातलं जीवनसत्त्वही
त्याच झपाट्यात कापून टाकतात.
कोठी हळूहळू रिकामी.

नातीच्या बाप्तिस्म्याला त्यानं बाटली सिंकमध्ये ओतली.
तिसऱ्या दिवशी दुकानात.
डोकं ठणकतंय. घास उतरत नाही.
मी म्हटलं, शाब्बास.
आणि पॅरासिटामॉलचं पाकीट पुढे सरकवलं.

माल थांबला होता.
हात थांबले नव्हते,
त्यांची परतीची बस अजून सुटायची होती.
रिकामे हात, परजलेल्या सुऱ्या,
आणि समोर एक गरीब पांढरी गोळी,
मग दुसरी,
मग मोजायची राहून गेलेली कितीतरी.
त्यांनी त्या कापल्या, चुकीच्या बाजूनं.
जे सांडलं ते विष.
एरवी ते पुसायला घरात फडकं असतं,
पण तीन दिवसांच्या उपाशी घरात
फडकंसुद्धा संपलं होतं.

बोडोच्या इस्पितळात
कुजक्या अंड्याच्या वासाचं औषध
थेंब थेंब, रात्रभर.
पहाटे गुनवोरचा फोन:
डोळे हळदीसारखे आहेत, पण उघडे आहेत.
मी दुकान उघडलं नाही त्या दिवशी.
शाब्बास हा शब्द
फळीवरून खाली काढून ठेवला.

मे महिन्यात आला, काठी टेकत.
तेलाच्या बाटलीकडे बघितलं,
मी मान हलवली, अजून नाही.
मग मी सगळं सांगितलं,
हातांचं, सुऱ्यांचं, बसचं. माझंही.
तो बराच वेळ गल्ल्यावरच्या नाण्याशी चाळा करत राहिला.

"किती दिवसांत जातात ती माणसं परत?"
आठवड्याभरात, बहुतेक.
"आधी सांगायचंस," एइविंद म्हणाला,
"भाडं मी दिलं असतं."