आठवं जहाज

बडोद्याला समुद्र नाही.
म्हणून मी तो केला:
दोनशे बाय दोनशे चौकोन,
तळाशी थोडा चिखल, थोडी वाळू,
खारटपणाला एक आकडा,
भरती-ओहोटीला चार ओळींचं सूत्र.
अलकापुरीतल्या तिसऱ्या मजल्यावर
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं,
तेवढंच काय ते ओलं.

धैवत पाणसुरुंग पेरतो.
खरा समुद्र त्यानं एकदाच पाहिलाय, दीवला,
गुडघ्यापर्यंत.
"बेन, साठ टाकू?"
टाक. कुठे, ते मला सांगू नकोस.

मग माझी बोट निघते,
शेत नांगरावं तशी, तास धरून,
आवाज सोडते, परत आलेला ऐकते,
आणि दर सावलीपाशी अडते:
दगड? पिंप? की?

संध्याकाळी काळ्या घोड्याच्या पुलावरही हेच.
विश्वामित्रीत काहीतरी तरंगतंय,
कठड्याला रेलून माणसं वाद घालतात:
ओंडका आहे. मगर आहे. छे, ओंडकाच.
ओंडका डोळा मिटतो.

ताम्हाणे नौदलातून निवृत्त,
महिन्यातून एकदा येतात.
पडद्याकडे न बघता विचारतात,
"मोजणारे घातलेस का?"
चहा बशीत ओतत सांगतात:
काही सुरुंग मोजतात.
सात जहाजं डोक्यावरून जाऊ देतात,
वाट साफ आहे असं सातांनाही वाटतं,
किनाऱ्यावरच्यांनाही,
आणि आठव्याला उठतात.

मी एक ओळ वाढवली.
रात्रभर संगणकानं दहा हजार वेळा
समुद्र पुसला, पुन्हा भरला.
सकाळी उत्तर: शहाण्णव टक्के सुरक्षित.
धैवतनं टाळी मागितली.

उरलेल्या चारशे वेळा
एक हिरवा ठिपका लाल होतो, बस.
आवाज होत नाही.
आवाजाचं कंत्राटात नव्हतं.

ताम्हाण्यांनी चष्मा लावला.
"यात माणसं किती?"
मॉडेलमध्ये माणसं नाहीत, मी म्हटलं.
"हं."
बशीतल्या चहावर साय धरली
तरी ते चारशेच बघत होते.

घरी जाताना पुलाच्या तोंडाशी
स्कूटर उगाच थांबवली.
एक रिक्षा गेली. दुधाचा टेम्पो.
लग्नाच्या खुर्च्या लादलेला छकडा.
चार, पाच.
कॉलेजची दोन पोरं, एकाच हेल्मेटवर भांडत. सहा.
सातवी बस, रिकामी.

मागून कुणीतरी हॉर्न दिला.
निघाले.