बिल्ला नंबर एकशे सतरा

तीनशे झ्लॉटी.
पाकिटावर मुद्दाम लिहिलं 'गॅसचे',
म्हणजे माझाच हात जाणार नाही तिकडे.
उन्हाळ्यापासून साठवत होते,
कधी दहाची नोट, कधी नुसती खुर्दा.
नोव्हेंबरात एका शुक्रवारी रात्री
किएल्त्सेहून बस धरली, खिडकीची जागा.
तिकीट अर्ध्यात मिळालं.
या दिवसांत समुद्राकडे जातं कोण?

बहिणीला म्हटलं, ग्दान्स्कला चाललेय.
ती म्हणाली, "कुणाकडे गं, झिता?"
कुणाकडेच नाही.
मग बराच वेळ फोनमधून
तिची किटली तेवढी उकळत राहिली.

शनिवार. ट्राम. ब्झेझ्नोचा किनारा.
समुद्र भांडी धुतलेल्या पाण्याच्या रंगाचा,
आणि त्यावर हंस!
तळ्यातले, पांढरे, मानेचा आकडा केलेले हंस
खाऱ्या लाटांवर वरखाली होत होते,
चुकून आल्यासारखे नाहीत,
रोजचेच असल्यासारखे.
मी पाव काढला. एकानं पाहिलं, वळला.
बरं झालं, माझा नाश्ता वाचला.

दुपारी दूध-खानावळीत रांग.
फळ्यावरची निम्मी अक्षरं गळालेली,
वाचणारा उरलेली पोटातून भरतो.
खिडकीतून बाई ओरडली, "बीटाचं सूप कुणाचं?"
"माझं!"
जरा मोठ्यानंच बोलले असणार,
समोरच्या म्हाताऱ्यानं मीठ माझ्याकडे सरकवलं
आणि पुन्हा आपल्या बटाट्यात बुडाला.

रात्री आठ खाटांची खोली. माझी वरची.
शिडीनं गुडघ्याला वय विचारलं.
खालच्या खाटेवर ल्विव्हची सोलोमिया,
गोदीजवळच्या बेकरीत पहाटपाळी करणारी.
तिनं कानात घालायला मेणाचे बोळे दिले:
"मावशी, इथे कुणीतरी भयंकर घोरतं."
जाताना उशाशी ठेवून गेली
एक बन आणि चिठ्ठी:
घोरणारं सापडलं. तुम्हीच.

रविवारी संग्रहालय.
दारातच, "कोट काढा, बाई."
सव्वीस वर्षं हेच म्हणत आलेय मी
शाळेच्या तळघरात, चारशे पोरांना,
आणि मलाच कुणी म्हणालं
तेव्हा बटणं सापडेनात.
तिनं कोट घेतला, कॉलर चाचपली,
अडकवायचा बंद तुटका निघाला
तशी जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं.
अगदी माझं 'च्च'.
पितळी बिल्ला ठेवला हातावर. एकशे सतरा.

आत जहाजं होती, नकाशे,
कुणा व्यापाऱ्याच्या बायकोचं तैलचित्र.
खरं सांगायचं तर फारसं आठवत नाही.
खांदे हलके होते, तेवढं आठवतं,
आणि मुठीत तापत गेलेलं पितळ.
बाकावर बसले. दुसऱ्या बाकावर बसले.
कुणी काही मागितलं नाही.

परत आले तर कोट आकड्याला, बंदावर टांगलेला.
करड्या कापडाला निळा दोरा, पाच टाके.
"किती द्यायचे?"
"निळाच होता," ती म्हणाली,
जणू मी तक्रार केली होती.
मग बिल्ला माझ्या हातून घेत,
"कुठल्या शाळेत?"
मी सांगितलं. कसं ओळखलं, ते विचारलं नाही.
आपल्यातलं माणूस बिल्ला कसा धरतं
हे मलाही कळलं असतं.

बसमध्ये वहीत हिशेब मांडला.
ट्राम, सूप, खाट, तिकीट.
टाक्यांची ओळ घातली, समोर काय लिहू कळेना,
शून्य लिहवेना.
जागा मोकळी ठेवली. उरले अकरा.

सोमवारी स्टेशनातून थेट शाळा.
इतकी वर्षं माझा कोट खुर्चीच्या पाठीवर पडायचा.
पहिल्या रांगेतला पहिला आकडा घेतला,
निळ्या दोऱ्यानं टांगला.
पाचवीतला एक पोरगा थबकला:
"हा कुणाचा?"
त्याला म्हटलं, आधी बूट पूस.