ठ चं पोट

वखारभागातून ठोंबऱ्यांचा दिवाणजी आला:
शिकलगार, हळदीच्या पोत्यांवर मारायला
नवा पत्रा पाहिजे, गुरुवारच्या सौद्याआधी.

तेलाचा डबा उलगडला,
मोगरीनं सपाट केला, खडूनं नाव लिहिलं:
ठोंबरे आणि मंडळी.
कात्री कडेनं शिरते.
अक्षराच्या आत जायला तिला दारच नाही.

म्हणून आधी भोक.
मग करवतीचं पातं चौकटीतून सोडवायचं,
भोकातून ओवायचं, पुन्हा ताणून बसवायचं.
सुईदोराच की, शमशाद म्हणते,
फक्त दोरा चावरा.

प्लायच्या दोन तुकड्यांत पत्रा दाबून धरला,
नाहीतर तो फडफडतो.
तरी दोन पाती गेलीच, र च्या वळणावर.

ठ शेवटी घेतला. गोल पुरता फिरवला
आणि टण्‌कन
अख्खा ठ खाली, पोटासकट.
राहिलं रुपयाएवढं भोक.
पोत्यावर नुसता निळा गोळा उठला असता.

तीस वर्षं हेच काम, आणि तरी.
अब्बा सांगायचे, पूल ठेव,
गव्हाच्या दाण्याएवढा.
दिसायला तुटका, वाचायला अख्खा.

दुसरा डबा.
ठ ला दोन पूल, ब ला एक,
ळ च्या दोन्ही पोटांना एकेक.
कानस मारता मारता दिवे लागले.

झाडताना शमशादला कोपऱ्यात
तो पडलेला ठ सापडला.
घडी घातली तिनं त्याची, पायानं दाबली,
आणि माझ्या डुगडुगत्या स्टुलाखाली सारली.

बस आता, म्हणाली.
बसलो.