मुठीचं माप

प्लॅस्टर निघालं बुधवारी.
डॉक्टर म्हणाले, ओझं उचलू नका, पिळू नका,
किसू नका, लाटणं तर नकोच.
विचारलं, मग उरलं काय?
ते हसले. त्यांच्याकडे स्वयंपाकाला बाई येते.

भाचीने आधीच खोकं पाठवलं होतं:
दोरी ओढली की कांदा चिरणारं यंत्र,
लसूण सोलायची रबरी नळी,
केळ्याच्या एकसारख्या चकत्या पाडणारी पिवळी शिडी.
केळ्याच्या चकत्या!
आमच्याकडे केळं सोलून खातात, उभ्याने.
कांद्याचं यंत्र तेवढं ठेवून घेतलं.
दोरीही ताकद मागते, हे त्या पोरीला कसं कळावं,
मनगट नावाची वस्तू आपल्याला आहे
हे तिला अजून आठवावं लागलेलं नाही.

शुक्रवारी बर्तन बाजारात गेले.
कोमलचंदजींच्या दुकानाची पायरी उंच,
डावा हात दाराला, उजवा पदराखाली,
चोरलेलं भांडं झाकावं तसा.

कोमलचंदजी वस्तू दाखवत नाहीत, हातात देतात.
'बाईसाब, आँख मूँदके पकड़ो.'
मी डोळे मिटले.
पहिल्या सांडशीचा खिळा कडक.
दुसरी इतकी सैल की भगोनं पायावर यायचं.
तिसरी कुरकुरली, पण माझ्याइतकीच.
तिला बाजूला ठेवलं.
सोलाण्याचं पातं थोडं हलायला हवं,
बटाटा वळेल तिकडे वळणारं.
पोळपाट जड हवा आणि लाटणं हलकं.
मी आयुष्यभर उलटं वापरत आले.

मग किसणी.
सप्टेंबर लागला होता, आणि इंदुरात सप्टेंबर
भुट्ट्याच्या किसावर मोजतात.
चार बाजूंची पेटी ऐटीत उभी राहते,
पण दाणे पोटात धरून बसते, धुताना रडवते.
पातळ स्टीलची पहिल्या आठवड्यापुरती शूर.
तळाशी एक पितळेची निघाली, लाकडी चौकटीतली,
भोकं हाताने ठोकलेली, वेडीवाकडी.
बोट फिरवलं. दाणा फुटेल, दूध गळेल,
कणसाचा बुरखुंडा तसाच राहील.
हीच.

पण दाबून धरायला एक हात लागतो,
भुट्टा चालवायला दुसरा.
माझ्याकडे दीड.

'चलाएगा कौन?'
कोमलचंदजींनी विचारलं, वहीतून मान वर न करता.
छत्तीस वर्षांच्या संसारात
हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.
म्हटलं, उद्या येते.

दुसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन गेले.
विजेच्या खात्यात चौतीस वर्षं मीटर तपासलेला माणूस.
किसणी उलटी धरली.
उजेडात नेऊन भोकं मोजली,
तिसऱ्या रांगेत एक कमी आहे म्हणाले.
कोमलचंदजींनी काही न बोलता
मुळ्येसाहेबांचा अंगठा उचलला
आणि चौकटीच्या खाचेवर ठेवला.
बसला.
भाव न करता पैसे दिले ह्यांनी, तेही पहिल्यांदाच.

सहा भुट्टे, पाऊण तास, एक सोललेलं बोट.
कॅलेंडरवर दुधाचे थेंब, चष्म्यावर दुधाचे थेंब,
चतुर्थीवर एक अख्खा दाणा.
मी स्टुलावर बसून हिंग-मोहरी सांगत होते,
दूध कधी घालायचं ते सांगत होते:
आता. थांबा. आता.
खाली थोडा लागला.
मी लागलेला भाग मागून घेतला,
तो मला तसाही आवडतो.

रात्री ड्रॉवर लावताना
दोरीचं यंत्र ह्यांनी स्वतःच्या कप्प्यात नेलं,
टेस्टर, पक्कड आणि काळ्या टेपच्या शेजारी.
मग किसणीसाठी भिंतीत खिळा ठोकला,
आपल्या उंचीच्या अंदाजाने.

माझा हात तिथवर पोचत नाही.
मी काही बोलले नाही.