जुळारी

क्लार्कनवेलच्या छापखान्यात माझी जागा खिडकीपाशी.
सोळा वर्षं थॉरल्ड आणि पिम यांच्या कादंबऱ्या
माझ्याच हातून खिळ्यांत उतरल्या.
दर कादंबरीचे खंड तीन,
दर खंडात एक तरी हरवलेलं मृत्युपत्र.

मुखपृष्ठावर नावं दोन, मधे 'आणि',
एकाच खिळ्यात मावणारा.
आत कोण कुठे संपतो नि कोण सुरू होतो,
हे लंडनमध्ये मला एकट्याला ठाऊक.

थॉरल्डचं अक्षर मोहरीएवढं,
माल्टाच्या शाळेत पोरांच्या वह्या तपासून बारीक झालेलं.
पिमचं उजवीकडे कललेलं,
सुटत्या गाडीतल्या कुणाला निरोप द्यायचा असल्यासारखं.
पिम वकील होता, अशिलं नसलेला.
तो माणसं मारायचा, थॉरल्ड त्यांना पुरायचा:
घंटा, ओल्या शालीचा वास,
विधवेला ऐन वेळी न सापडणारा डाव्या हाताचा मोजा.

भांडायचे समासात.
'ही बाई असं बोलणार नाही.'
'बोलली आहे. मी ऐकलं.'
ते छापायचं नसे.
मी मात्र वाचायचो, दुपारचा पाव चावत,
आणि बहुतेक वेळा पिमच्या बाजूनं असायचो.

ऐंशीच्या मार्चात पिम गेला. घशाचं दुखणं.
शेवटी आवाजच नव्हता; पाटीवर कथानकं लिहायचा म्हणे,
आणि थॉरल्ड उतरवून घेईपर्यंत
बाहीनं पुसूनही टाकायचा.

पुढच्या कादंबरीवर नाव एकच.
हाताच्या सवयीनं मी 'आणि' लावला,
मग चिमट्यानं काढून खणात टाकला.
टीकाकारांनी लिहिलं, शाल ओली आहे,
पण मेलंय कोण?

एकोणिसाव्या प्रकरणाच्या कागदावर
समासात मोहरीचे दाणे:
'ही बाई असं बोलणार नाही.'
खाली चार बोटं कोरी जागा.
नुसती सुटलेली नव्हती ती, सोडलेली होती.

दिवे लागायची वेळ. फोरमन खाली गेलेला.
खिळ्यांशिवाय कधी काही न लिहिलेल्या हातानं
मी पेन्सिल घेतली,
मनगट उजवीकडे कलवलं,
आणि लिहिलं: बोलली आहे. मी ऐकलं.

शुक्रवारी प्रुफं परत आली, कागदही.
बाईचं वाक्य जसंच्या तसं.
माझ्या ओळीखाली, शाईत, एक बारकासा ठिपका,
लिहायला टेकवलेलं टाक
तसंच उचलल्यासारखा.