वाटणी

मुयनाकच्या दवाखान्यात
पणजीची आठवण आम्हा तिघांत वाटली.
पेर्देबायच्या वाटणीला समुद्र आला, अख्खा.
तेव्हापासून तो वाळूत चालताना
पँट गुडघ्यापर्यंत वर धरतो.
बिबिझादाला डबाबंद मासळीचा कारखाना;
ती अजून बोटांवरचे खवले खरवडते.
मला उरलंसुरलं:
कुठल्याशा मंगळवारची दुपार,
हिरव्या चहाचा वाडगा,
दारात उभा कुणी परका
आणि पणजीनं न दिलेलं उत्तर.

डॉक्टर म्हणाल्या, तुकडा छोटा आहे, दुखणार नाही.

काल मध्यरात्री पेर्देबायनं मला हलवून उठवलं.
पाण्यावरून कुणी हाका मारतंय, म्हणाला,
कसा होता गं आवाज,
त्या दारातल्याचा?

मी म्हटलं, तुझा समुद्र
जरा थांबव.
ऐकू येत नाही.