मे ते मे

इंदुरात, रामबागेतल्या त्या विहिरीला
आमच्या खात्यात नाव नाही, नंबर आहे. सतरा.
हरदास साहेब पोलादी फितीच्या टोकाला खडू फासायचे,
शाळेतला साधा पांढरा खडू,
फीत खाली सोडायचे, थांबायचे, गुंडाळत वर आणायचे.
जिथवर खडू ओला, तिथवर पाणी.
एवढंच शास्त्र.

वर्षातून चारदा.
ऑगस्टात पाणी हाताशी यायचं,
कठड्यावरून वाकून गल्ली म्हणायची, "भर गया, साब!"
साहेब आकडा लिहायचे, हसायचे नाहीत.
म्हणाले, वैजयंती, ऑगस्टचं मनावर घेऊ नकोस,
तो पाहुणा.
मे महिना मे महिन्याशीच ताडून बघ.

बघितला.
सत्त्याऐंशीचा मे, अठ्ठ्याऐंशीचा, एकोणनव्वदचा,
दर साली वीतभर खाली. कधी चारच बोटं.
वीतभराची बातमी होत नाही.
वीतभरासाठी कुणी नवा दोर आणत नाही,
जुन्यालाच एक तुकडा गाठवतो
आणि गाठ हाताला सवयीची होते.

मग एका मे महिन्यात पाणी वर आलं.
दोन मीटर, भर उन्हात.
गल्लीने नारळ फोडला.
साहेबांनी ओंजळीत घेऊन वास घेतला,
"ही नर्मदा. घाट चढून आली
आणि इथे कुठेतरी पाइपातून निसटली."
आकडा लिहिला त्यांनी, खोडला नाही.
शेऱ्यात लिहिलं: आपलं नव्हे.

ते गेले, रजिस्टर माझ्या टेबलावर आलं.
शेवटच्या पानापर्यंत रकाने आखलेले,
तांबड्या शाईने, फूटपट्टी धरून.
मे २०४१. मे २०४२.
मी चिडलेच होते तेव्हा,
कोण भरणार हे, खातं तरी उरेल का तोवर.

आज मे.
सतरा नंबरवर आता जाळी, जाळीवर कुणाची तरी स्कूटर.
ती हलवायला आलेली पोरगी थांबून बघते,
"आंटी, इससे मछली पकड़ते क्या?"
आडनाव विचारलं. दिघे, म्हणाली.
तेही वीतभर.

खडू तिच्या हातात दिला. तिने नीट फासला,
दोनदा.
फीत वर येते आहे. कोरडी. कोरडी.
कोरडी.
अगदी टोकाशी, नखाएवढं,
"गीला है!" ती ओरडते,
आणि मी चष्मा शोधते.